पडवीचं माप चुकलं नव्हतं, दाजी

दाजी, तुम्हाला जाऊन सात आठवडे झाले, आणि एवढ्या दिवसांत आज पहिल्यांदा मी नुसता बसलोय. दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलंय. एका रिक्षाचं हूड मशीनवर तसंच पडून आहे, रिक्षावाला दोनदा येऊन गेला, त्याला उद्या ये म्हटलं. अंग इतकं जड झालंय की मशीनच्या पायट्यावर पाय टाकवत नाही. तुम्ही असता तर म्हणाला असता, "थकलास काय रं मेव्हण्या? अजून साठीबी न्हाय झाली तुझी." तर हो, थकलोय. खांदे दुखतात, आणि बोलायचं कोणाशी तेही कळत नाही. घरी सुषमाशी बोललो तर ती रडायला लागते. ताईशी बोलायचं तर ती आधीच पुरती रिकामी झाल्यासारखी पडलेली असते. म्हणून तुमच्याशीच बोलतो.

एक गोष्ट सांगायची राहिली आहे. ती पडवीबद्दल आहे.

तुम्ही तीस वर्षं न्हावा शेव्याला ट्रेलर चालवलात. गेटवर रांग लागली की दोन-दोन दिवस केबिनमध्येच राहणं, तिथेच जेवण, तिथेच झोप. इकडे मिठागराच्या कडेच्या त्या घरात ताईने एकटीने लेकीला, दीपाला वाढवलं, तुमच्या आईचं सगळं केलं. मी पोयनाडहून भाऊबिजेला यायचो तेव्हा बहुतेक वेळा तुम्ही नसायचाच. ताई हसून म्हणायची, "ह्यांना माझ्यापेक्षा कंटेनर जास्त ओळखतात." पण तुम्ही तिला कबूल केलं होतं, की काम सुटलं की समुद्रावर नेईन, कुठेही बघायला-फिरायला नाही, नुसतं बसायला. तुम्ही काम सोडलंत आणि तीन महिन्यांत ताईची उजवी बाजू गेली. तोंड वाकडं झालं, शब्द अडखळायला लागले. धरून चार पावलं चालते, जास्त वेळ बसवत नाही, ते तसंच राहिलं.

एकदा तुम्ही तिला अलिबागला लॉजवर नेलंत. जिना चढवताना दोन माणसं लागली, आणि खोलीच्या खिडकीतून दिसली ती समोरची भिंत. दुसऱ्या दिवशी परत आलात. त्यानंतर दीड वर्ष समुद्राचं नाव कोणी काढलं नाही.

मग एका दुपारी तुम्ही माझ्या दुकानात आलात आणि मोबाइल माझ्या नाकासमोर धरलात. परदेशातली कुठलीतरी गाडी होती, जीपच्या मागे जोडायची. चौकोनी पेटीसारखी. थांबल्यावर तिच्या दोन्ही टोकांच्या फळ्या बिजागरीवर बाहेर पडत होत्या आणि त्यांच्या खाटा होत होत्या. वर कापडाचा तंबू.

"बघ. तिची खाट मागच्या टोकाला, माझी पुढच्या. मधे उभं राहायला जागा. तिला उठायलाबी नको, बसायलाबी नको. पडल्या पडल्या समुद्र दिसंल."

मी सुई तोंडात धरूनच म्हटलं, "खूळ आहे हे, दाजी. आजारी बाईला वाळूत कुठे घेऊन फिरणार?"

तुम्ही मोबाइल खिशात टाकलात आणि निघून गेलात. महिनाभर फोन नाही. तेवढ्यात तुम्ही तुमच्या जीपला जोडायला एक जुनी दोन चाकी ट्रॉली आणलीत, वेल्डिंगवाल्याच्या डोक्यावर बसून अँगल जोडून घेतलेत, प्लायच्या खाटा केल्यात, खाटांना टेकू द्यायला पाइपचे पाय केलेत, वर बाजारातला तयार तंबू ताणलात. गावात त्याला सगळे 'डबा' म्हणायला लागले. तुम्हाला राग आला नाही, तुम्हीही डबाच म्हणायचात.

अंगणात पहिल्यांदा खाटा उघडल्या आणि ताईला वर झोपवलं, तेव्हा कळलं की कापडाच्या त्या तंबूखाली भट्टी होते. कापडावर ऊन पडलं की आत श्वास घेववत नव्हता. तुम्ही डोकं चालवलंत. घराला पडवी असते तशी खाटेच्या टोकालाही पडवी हवी, तंबूच्या वर हातभर अंतर सोडून दुसरं छप्पर, म्हणजे मधून वारा खेळेल. पहिली पडवी तुम्ही स्वतःच केलीत, नाक्यावरचा वाढदिवसाचा जुना फ्लेक्स उतरवून. त्यावर कोणा पुढाऱ्याचा हसरा चेहरा होता आणि तो तुम्ही आतल्या बाजूला घेतलात, बाहेरून बरं दिसावं म्हणून. तंबूला बाजूंना मोठ्या खिडक्या होत्या आणि समोर उघडं तोंड, तिथून ताईला थेट त्याचे दात दिसायचे. वारा आला की फ्लेक्स असा फडफडायचा की कुत्री भुंकायची. दुसऱ्या दिवशी तुमचा फोन आला, महिनाभराने, जणू मधे काही झालंच नव्हतं. "विनायक, तुजं कापड लागंल."

मी हो म्हटलं. खूळ आहे असं मला तेव्हाही वाटत होतं, पण हो म्हटलं.

माप घ्यायला मी आलो तो दिवस तुम्हाला आठवत नसेल, कारण तुम्ही नव्हता. पाइप आणायला पेणला गेला होता. डबा अंगणात उघडा, ताई मागच्या खाटेवर. तुमचं अंगण रस्त्याला लागून. जाणारा-येणारा थांबायचा, डब्याकडे बघायचा, मग ताईकडे बघायचा, आणि ताईकडेच जास्त वेळ बघायचा. मी खाटेची रुंदी घेत होतो. ताईने डावा हात माझ्या मनगटावर ठेवला.

"विनू. लांब कर."

"काय लांब करू?"

तिने बोटाने खाटेची बाजू दाखवली. तुम्ही पुठ्ठ्यावर सुताराच्या पेन्सिलीने माप लिहून ठेवलं होतं, दोन्ही बाजूंना झालर वीतभर, त्याहून जास्त नको, वारा अडतो.

"बाजू लांब. माणसं... बघतात." आणि तिने हात तोंडावर ठेवला, जिकडे ओठ खाली ओढला गेलाय तिकडे. मग म्हणाली, "ह्यांना सांगू नको. ते एवढं करतायत."

मी बरं म्हटलं. लहानपणापासून तिने काही सांगितलं तर मी बरंच म्हणत आलोय. आणि खरं सांगतो दाजी, त्या दिवसापर्यंत मला वाटत होतं की हे खूळ फक्त तुमच्या एकट्याचं आहे. ताईने नको म्हटलं असतं तर मी सुटलो असतो. ती नको म्हणाली नाही. तिला समुद्र हवाच होता. फक्त त्याच्याकडे बघताना आपल्याकडे कोणी बघायला नको होतं.

मी जाड सुती कॅनव्हास घेतला, पांढरा, मेण चढवलेला. पुढे बाहेरच्या बाजूला उतार ठेवला, पाणी साचू नये म्हणून. कोपऱ्यांना दुहेरी थिगळं देऊन दोऱ्या ओवायला पितळी आयलेट ठोकले. आणि दोन्ही बाजूंना झालर सोडली अडीच फूट, ताई झोपली की तिचा चेहरा पूर्ण झाकेल एवढी. पुढची बाजू मोकळी. चार दिवस बसून केलेलं काम होतं ते. माझ्या हातून इतकी सरळ शिलाई त्याआधी कधी झाली असेल असं वाटत नाही.

तुम्ही ती चढवलीत, दोन पावलं मागे गेलात आणि कमरेवर हात ठेवलेत.

"ही काय गोधडी शिवलीस?"

"झालर जरा लांब झाली."

"जरा? वीतभर लिवलं होतं मी. वाचता येत न्हाय काय तुला?"

ताई खाटेवरून माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, "माप चुकलं, दाजी. कापडी टेप आहे ना, जुना झालाय, ताणला गेलाय."

त्यावर तुम्ही हसलात. एवढं हसलात की मलाही हसावं लागलं. आणि मग ते तुम्ही सगळीकडे सांगितलंत. नाक्यावर, वेल्डिंगवाल्याला, दीपाच्या सासरी, माझ्याच दुकानात माझ्याच गिऱ्हाइकांसमोर. "आमच्या मेव्हण्याचा टेप रबराचा हाय, वीत मापली की अडीच फूट भरते." पस्तीस वर्षं मी हूड आणि ताडपत्र्या शिवतोय. टेम्पोवाले डोळे मिटून माप माझ्यावर सोडून जातात. तुम्ही बोलायचा आणि मी मान खाली घालून धागा ओवत बसायचो. घरी सुषमा म्हणायची, एकदा सांगून का टाकत नाही? तिला मी सगळं सांगितलं होतं. पण तुम्हाला सांगायचं तर ताईचा शब्द मोडायचा. आणि तुम्हाला काय वाटलं असतं याचीही भीती होती. ज्या माणसाने एवढा डबा बांधला, त्याला सांगायचं की तिला त्यात लाज वाटते?

डिसेंबरात आपण चौघे काशीदला गेलो. साळावचा पूल ओलांडल्यावर तुम्ही जीप इतकी हळू घेतलीत की मागचे हॉर्न वाजवायला लागले. ताई मागच्या सीटवर आडवी होती, सुषमाच्या मांडीवर डोकं ठेवून. सुरूच्या झाडांखाली तुम्ही एका हाताने स्टिअरिंग फिरवत डबा मागे घेतलात, एका झटक्यात, खाटेचं तोंड बरोबर पाण्याकडे. वाळूत खुंट्या टिकेनात, तेव्हा तुम्ही खताच्या रिकाम्या गोणी काढल्यात, वाळूने भरल्यात आणि पडवीच्या दोऱ्या त्यांना बांधल्यात. हे तुम्हाला आधीच ठाऊक होतं. सगळं आधी विचार करून ठेवलेलं होतं तुम्ही.

ताईला वर झोपवलं. ती बघत राहिली. बऱ्याच वेळाने तिने विचारलं, "एवढा आवाज... रोज असतो?" तुम्ही म्हणालात, "रोज." ती म्हणाली, "आणि तुम्ही मला सांगितलं न्हाय कधी." तुम्ही खाली वाळूत बसला होता, पाय लांब करून, आणि तुमचे डोळे भरले होते. मी तिकडे बघितलं नाही असं दाखवलं.

मग तुम्ही उठून दोन्ही बाजूंच्या झालरी गुंडाळून सुतळीने वर बांधल्यात. वारा येऊ दे म्हणालात. थोड्या वेळाने ताई म्हणाली, "सोडा." तुम्हाला वाटलं तिला गार लागतंय. सोडल्यात. पुन्हा ऊन चढलं, पुन्हा बांधल्यात. पुन्हा ती म्हणाली, "सोडा." दिवसभर तेच चाललं होतं, आणि दर वेळी तुम्ही माझ्याकडे बघून मान हलवत होता. संध्याकाळी चहाचा कप माझ्या हातात देताना मात्र म्हणालात, "तू न्हाय म्हणाला होतास, विनायक." मी म्हटलं, "चुकलो." ते मी मनापासून म्हटलं होतं. झालरीबद्दल नव्हतं ते, एवढंच.

आपलं शेवटचं बोलणं फोनवर झालं. तुम्ही श्रीवर्धनला जायचं ठरवत होता. "त्या झालरी काप आता. तिला घाम येतो आत, पाठीला पुरळ उठलंय. तू कापत न्हायस तर मी कापतो."

त्या दिवशी दुकानात दोन माणसं होती आणि त्यातल्या एकाने नुकतीच रबरी टेपवरून माझी चेष्टा केली होती. मी म्हटलं, "कापा मग तुम्हीच. कात्री असेल ना घरात?" आणि फोन ठेवला.

चार दिवसांनी सकाळी तुम्ही डब्याच्या चाकाला ग्रीस लावत होता. हात पुसत घरात आलात, छातीत कसंतरी होतंय म्हणालात, आणि गाडी येईपर्यंत संपलं होतं सगळं. मला यायला दीड तास लागला. तुमच्या नखांत ग्रीस होतं अजून. मी ते रुमालाने काढायचा प्रयत्न केला, निघालं नाही.

त्या फोनबद्दल मी काय बोलू? माणूस म्हणतो, माहीत असतं तर असं बोललो नसतो. मला तेवढंही म्हणवत नाही. मी तुमच्यावर राग धरून होतो, आणि तो राग माझाच होता, ताईच्या शब्दाचा नव्हता. तो तिच्या नावावर ढकलणं बरोबर नाही. दोन शब्द सरळ बोललो असतो तर काय बिघडलं असतं? कदाचित तुम्ही दुखावला असता. कदाचित डब्याचं तोंडही बघितलं नसतं. किंवा काहीच न बोलता तिच्या बाजूला चादर धरून उभे राहिला असता दिवसभर. तुम्ही तसेही होता. यातले कोणते दाजी निघाला असता, ते आता कळायचं नाही.

दहाव्याचं, तेराव्याचं झालं. घर माणसांनी भरलेलं. ताईची खाट बाहेरच्या खोलीत आणली होती, कारण बायका भेटायला यायच्या. अख्खं गाव आलं. बायका तिच्या गळ्यात पडून रडत होत्या, तिच्या तोंडावरून हात फिरवत होत्या, वाकड्या ओठावरूनसुद्धा. ती रडली की तिचा चेहरा कसा होतो ते तुम्हाला ठाऊक आहे. सगळ्यांनी बघितला. तोंड झाकायला तिचा हात एकदाही उचलला गेला नाही.

सगळे पांगले, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी पडवी उतरवून घडी घालत होतो. पावसाळ्याआधी नीट ठेवावी म्हणून. तेव्हा बघितलं. दोन्ही झालरींवर खडूची रेघ होती. वरून वीतभर अंतरावर, या टोकापासून त्या टोकापर्यंत. तुम्ही मापून आखलं होतं. फक्त कापलं नव्हतं. कात्री घरात होती, दाजी, मी बघितली, खिडकीतच होती. चार दिवस होते तुमच्याकडे. का थांबलात? माझ्या शिलाईवर कात्री चालवायला नको वाटलं? की ताईने काही सांगितलं? मी तिला विचारलं. ती म्हणाली, "मी न्हाय सांगितलं काही." मग काय ते तुमचं तुम्हालाच ठाऊक.

कापड हातात घेऊन मी तिच्याजवळ बसलो. म्हटलं, "ताई, माझा टेप चुकला असं समजूनच गेले ते."

ती बराच वेळ रेघेवरून बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, "काप."

"नक्की?"

"सगळ्यांनी बघितलं मला. आता... कोणापासून लपू?"

मी ते दुकानात आणलं. तुमची रेघ एका जागी थोडी हलली आहे, बाकी सरळ आहे. मी रेघेवरूनच कापलं, हललेल्या जागी हललेलंच ठेवलं. कड दुमडून शिलाई मारली. अर्ध्या तासाचं काम, मला पूर्ण दुपार लागली.

गेल्या रविवारी आम्ही तिला काशीदला नेलं. मी, सुषमा आणि ताई. श्रीवर्धनला न्यायची माझी हिंमत झाली नाही, वाट लांब आहे आणि जीप तुमची आहे, मला ती अजून ओळखत नाही. कोर्लईच्या चढावर मला घाम फुटला. सुरूखाली डबा मागे घेताना तो दर वेळी भलत्याच बाजूला वळायचा. पाच वेळा पुढे गेलो, पाच वेळा मागे. शेवटी एका शहाळेवाल्याने येऊन चाक धरून डबा ढकलला. खाट पाण्याकडे तोंड करून नाही उभी राहिली, जरा तिरकी राहिली. पडवीच्या दोऱ्या बांधल्या, गोणी भरल्या. तेवढ्याने माझी कंबर गेली. तुम्ही हे सगळं शिट्टी वाजवत करायचा.

वारा मात्र आरपार जात होता, हे सांगायला हवं. माप तुमचंही बरोबर होतं.

ताई उघडी पडली होती, दोन्ही बाजूंनी. रविवारची गर्दी, माणसं डब्याजवळून जात होती, बघत होती. मी वाळूत बसून तिच्याकडे लक्ष ठेवून होतो, ती 'सोडा' म्हणाली तर सोडायला आता काही उरलंच नव्हतं. ती काही म्हणाली नाही.

मुंबईकडची एक बाई ओल्या पायांनी येऊन उभी राहिली. वयाने ताईएवढीच असेल. तिने पडवीला हात लावून बघितलं, खाटेखाली वाकून बिजागरी बघितली आणि मला विचारलं, "हे भाड्याने मिळतं का? तुमचं आहे?"

मी तोंड उघडलं, तेवढ्यात वरून ताई बोलली.

"भाड्याचं... न्हाय. माझ्या... नवऱ्यानं केलंय."

शब्द यायला वेळ लागला. ती बाई थांबली, सगळे शब्द येईपर्यंत थांबली, मग म्हणाली, "स्वतः केलंय? काय करतात ते?"

"गेले," ताई म्हणाली. मग डाव्या हाताने खाटेच्या कडेवर थोपटलं. "बसा."

बाई बसली. मी पाणी आणतो म्हणून उठलो आणि मुद्दाम लांबचा नळ गाठला. बाटल्या भरून झाल्यावरही थोडा वेळ तिथेच उभा राहिलो. परत आलो तेव्हा त्या बाईने काहीतरी विचारलं होतं आणि ताई तिला तुमचं नाव सांगत होती. तुमचं, तुमच्या वडिलांचं, आडनाव, एकेक करून, तोंडात जुळवत. चाळीस वर्षांत तिच्या तोंडून मी ते कधी ऐकलं नव्हतं.